रुसव्याची तारीख

चाकणला आमच्या सोसायटीत कोजागरीला गाण्यांचा कार्यक्रम असतो. बाहेर पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकची रांग, आत गच्चीवर दूध आटत असते. तीन वर्षांपूर्वी तिथे कुमार गंधर्वांचे 'अजुनी रुसून आहे' लावण्याआधी मी चार शब्द बोललो. कवी अनिल घरी आले, पत्नी बोलेना, रुसली असेल असे त्यांना वाटले. ती तर केव्हाच गेली होती आणि त्याच दुःखात ही कविता उतरली, अशी ती हकीकत. सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही.

खाली उतरताना शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी हळूच विचारले, कुसुमावती गेल्या कधी आणि कविता लिहिली कधी? मला सांगता येईना. उभी हयात चेकवरची तारीख आधी पाहण्यात गेली आणि इथे मी तारीख न पाहताच चेक वटवला होता!

मग पुस्तके काढून बसलो. अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. जन्म १९०१, मूर्तिजापूरचा. कुसुम जयवंत अमरावतीच्या. पुण्यात कॉलेजात असताना ओळख झाली आणि पत्रे सुरू झाली. पुढे कुसुमावती इंग्रजी साहित्य शिकायला लंडनला गेल्या. त्या परतल्यावर १९२९ साली लग्न झाले. तोवर सारा संसार कागदावरच! ती पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली पुस्तकरूपाने आली.

'फुलवात' हा अनिलांचा पहिला संग्रह १९३२ चा. मुक्तछंद मराठीत रुजवला तो त्यांनी. पोटासाठी न्यायखात्यात नोकरी. कुसुमावती नागपूरला इंग्रजी शिकवत, कथा आणि समीक्षा लिहीत. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्षा. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या.

आणि कविता? ती त्याच्या कितीतरी आधीची, कुसुमावती हयात असतानाची. म्हणजे तो रुसवा घरातला, जित्याजागत्या माणसाचा होता. खरे एकटेपण पुढे आले. अनिल त्यानंतर वीस वर्षे जगले, १९८२ साली गेले. दहा ओळींच्या कवितांचा त्यांचा 'दशपदी' हा संग्रह या उत्तरायुष्यातला. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पुढच्या कोजागरीला मी चूक कबूल केली. कोणी रडले नाही. एकजण तर म्हणाले, जुनीच गोष्ट बरी होती! मला तसे वाटत नाही. मरणाने आलेल्या अबोल्यावर इलाज नसतो, म्हणून आपण नुसते रडून मोकळे होतो. घरातल्या अबोल्यावर इलाज असतो, पण तो आपल्यालाच करावा लागतो. कवीने तो रुसवा वेळेवर ओळखला, समोरचे माणूस ऐकू शकत होते तेव्हा.

त्या रात्री आमच्या घरीही दोन दिवसांचा अबोला होता. कारण क्षुल्लक, चूक माझी. घरी आल्यावर मी मुकाट्याने दोघांसाठी चहा टाकला. त्यात साखर नाही, हे हिने पहिल्याच घोटाला बोलून दाखवले.