समारंभाला आल्या आणि राहिल्या

बालमित्रांनो, पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेतच. आज आम्ही त्यांच्या एका पाहुणीची गोष्ट सांगणार आहोत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. लोकांचा विरोध सोसून वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. त्यांचे लहानपण तीर्थयात्रेत, पायी फिरण्यात गेले. दुष्काळात आईवडील गेले. लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पतीही वारले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला.

अमेरिकेतला समारंभ आटोपला, तरी रमाबाई लगेच परतल्या नाहीत. विधवा मुलींसाठी शाळा काढायची हे त्यांच्या मनात होते. ती कशी चालवावी, याचा विचार करायला त्या थांबल्या. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची किंडरगार्टन पद्धत त्या स्वतः शिकल्या. गावोगावी व्याख्याने दिली, शाळेसाठी मदत मिळवली. बायकांनी चालवलेल्या संस्था त्यांनी जवळून पाहिल्या. काळ्या लोकांवर आणि तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. हे सारे त्यांनी आपल्या माणसांसाठी मराठीत लिहिले. ते पुस्तक १८८९ मध्ये निघाले.

दरम्यान १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तेथे शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या.

पालकहो, सुट्टीतल्या प्रवासात आपण किती ठिकाणे पाहिली हेच मोजतो. या वेळी एखाद्या ठिकाणी दोन दिवस जास्त राहू या. आणि मुलांनो, तिथे काय आवडले, काय खटकले, ते एक पानभर मराठीत लिहून आणा. आम्ही वाट पाहतो.