मुसाफिर इब्न बतूता

इब्न बतूता यांचा जन्म १३०४ साली मोरोक्को देशातील तांजियर शहरात झाला. त्यांच्या घराण्यात काझींची परंपरा होती. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते एकटेच हजला निघाले. हज झाली, पण घरी परतावेसे वाटेना. शक्यतो एकदा गेलेल्या वाटेने पुन्हा जायचे नाही, असा त्यांनी नियमच केला.

१३३३ साली ते हिंदुस्थानात आले. दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने त्यांना काझी नेमले. मोठा पगार मिळाला. तरी त्यांची नजर दरबारापुरती राहिली नाही. येथील लोक मूग व तांदूळ एकत्र शिजवतात आणि ती खिचडी तूप घालून सकाळी खातात, कच्चे आंबे मिठात मुरवून तोंडी लावतात, हेही त्यांनी ध्यानात ठेवले.

१३४२ साली सुलतानाने त्यांना आपला वकील म्हणून चीनकडे पाठवले. वाटेत कोल, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, लुटारूंनी त्यांना पकडले. ते कसेबसे सुटले आणि उपाशीपोटी रानोमाळ भटकू लागले. एका विहिरीवर दोर होता, पण पोहरा नव्हता. त्यांनी डोक्याचे फडके दोराला बांधून विहिरीत सोडले आणि ओले फडके चोखले. तहान भागेना. मग पायातला जोडा बांधून पाणी काढले. दुसऱ्या वेळी दोर तुटला व जोडा विहिरीत पडला. तेवढ्यात एक अनोळखी माणूस आला. त्याने पाणी दिले, भाजलेले हरभरे आणि तांदूळ खाऊ घातले. त्याच्या नावाचा फारसी अर्थ होता दिलशाद. इब्न बतूतांना चालवत नव्हते, म्हणून त्याने त्यांना खांद्यावर घेतले. वाटेत त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा ते एका गावात होते आणि तो माणूस निघून गेला होता.

पुढे ते दौलताबादला आले. तेथील द्राक्षे व डाळिंबे त्यांनी वाखाणली. किल्ल्यातील तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर पाहिल्याचेही ते सांगतात; त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे! नंदुरबारला मराठे लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, कारागिरीत व वैद्यकात हुशार असतात, असे त्यांना दिसले.

कालिकतला वादळाने चीनच्या बादशहासाठी नेलेल्या भेटवस्तू बुडाल्या. सुलतानाच्या भीतीने ते दिल्लीला परतले नाहीत. मालदीव, श्रीलंका, चीन असे फिरून १३४९ साली ते मायदेशी पोहोचले. त्याआधीच त्यांची आई वारली होती.

मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकमावरून त्यांनी आपला प्रवास एका लेखकाला सांगितला. १३५५ साली तो ग्रंथ पूर्ण झाला. बरेचसे त्यांनी आठवणीतूनच सांगितले, कारण त्यांची काही टिपणे समुद्रात लुटली गेली होती.