डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी : सभागृहातल्या एकट्या बाई

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आठवल्या. आपल्या बॅचमधून नगरपालिकेत गेलेली मी एकटीच. एक ठराव मंजूर करून घ्यायला किती जणांच्या घरी चहा प्यावा लागतो ते पाच वर्षं पाहिलंय, म्हणून या बाई मला जवळच्या वाटतात.

त्यांचा जन्म १८८६ सालचा, तमिळ मुलखातल्या पुदुकोट्टई संस्थानातला. आई देवदासी समाजातली. तिथल्या महाराजा कॉलेजात मुलीला घ्यायला विरोध झाला, पण राजाने प्रवेश देवविला. (आपण निदान वेगळ्या रांगांत का होईना, एका वर्गात बसलो!) १९१२ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या.

विमेन्स इंडियन असोसिएशनच्या आग्रहामुळे दवाखाना सांभाळून त्या मद्रासच्या विधान परिषदेत गेल्या. नेमणूक सरकारी होती. शंभराहून अधिक पुरुष आणि या एकट्या बाई. तरी त्याच सभासदांनी त्यांना उपाध्यक्ष निवडलं. १९२७ साली त्यांनी देवदासी प्रथेविरुद्ध ठराव मांडला. सत्यमूर्तींसारखे काँग्रेसचे वजनदार पुढारी विरोधात होते. अनेक देवदासीही विरोधात होत्या, हे आपण सोयीने विसरतो. आपली कला आणि मिळकत दोन्ही जाणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

१९२९ चा कायदा मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो. देवळातल्या सेवेबद्दल देवदासीकडे इनाम जमीन असे. सेवा थांबली की जमीन जायची, म्हणून पुढची मुलगी देवाला वाहायची. या कायद्याने जमीन सेवेच्या अटीतून मोकळी केली आणि बाईकडेच ठेवली. नुसती बंदी मागितली असती तर भाषण गाजलं असतं, पण पोटाचा प्रश्न तसाच राहिला असता. एकट्या मतावर हे होत नाही. सरकारी बाकांवरचे, ब्राह्मणेतर पक्षाचे, स्वराज्यवादी, ज्याचं मत मिळेल त्याचं मिळवावं लागतं.

मुली वाहण्यावर सरळ बंदी घालणारं विधेयकही त्यांनी आणलं. पण १९३० साली गांधीजींना अटक झाली आणि बाईंनी राजीनामा दिला. विधेयक अडकलं. मी असते तर बहुधा खुर्ची धरून बसले असते, आणि तेही चूक ठरलं नसतं असं मला अजून वाटतं. आपल्या मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मद्रासला १९४७ उजाडावं लागलं.

दरम्यान, देवदासी घरांतल्या मुलींना वसतिगृहं दारात उभी करत नव्हती. बाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यातून अव्वै होम उभं राहिलं. बहीण कॅन्सरने गेली होती, त्याचं दुःखही त्यांनी असंच कामाला लावलं : १९५४ साली अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं. १९६८ साली त्या गेल्या. ते रुग्णालय आणि अव्वै होम, दोन्ही आजही चालू आहेत.