आंधळ्या पिल्लांचा जनरल

हॉस्टेलमध्ये सध्या रिझल्टचा सीझन आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. स्काउटचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल (जन्म २२ फेब्रुवारी १८५७) यांचे वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्रोफेसर होते आणि मुलाला त्याच ऑक्सफर्डमध्ये ॲडमिशन मिळाली नाही! वडील तो तीन वर्षांचा असतानाच वारले होते. शाळेत असताना हा मागच्या जंगलात लपून शिक्षकांना चुकवण्यात पटाईत. लष्कराच्या परीक्षेत मात्र वरचा नंबर आला आणि १८७६ मध्ये स्वारी घोडदळातून थेट हिंदुस्थानात दाखल.

बोअर युद्धात माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला, तेव्हा तिथली शाळकरी पोरं निरोप पोचवायची, नंतर तर सायकलवरून. लहान मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हे साहेबांनी तिथे पाहिलं. पुढे १९०७ चा ब्राउनसी बेटावरचा कँप, १९०८ चं पुस्तक, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मला आवडतो तो त्यानंतरचा भाग. मोठ्या भावांचं बघून धाकटी पोरंही मागे लागली, आम्हालाही घ्या म्हणून. त्यांना मोठ्यांचे कपडे घालून चालणार नव्हतं, वेगळा खेळ हवा होता. तो साहेबांनी १९१६ मध्ये किपलिंगच्या जंगल बुकातून उचलला. किपलिंग जन्मला मुंबईत, गोष्ट घडते आपल्या नागपूरच्या वरच्या शिवनीच्या जंगलात, आणि इंग्लंडमधली गोरी पोरं आपल्या बाईंना अकेला म्हणून हाक मारू लागली!

लांडग्याचं पिल्लू जन्मतः आंधळं असतं. म्हणून नवा कब म्हणजे डोळे मिटलेलं पिल्लू. गाठी मारणं, बेडूकउडी, घड्याळ बघणं असल्या परीक्षा दिल्या की टोपीवर एक तारा, म्हणजे एक डोळा उघडला. पुढच्या परीक्षांनंतर दुसरा तारा, दुसरा डोळा. आठ वर्षांच्या पोराला प्रगती म्हणजे काय, हे याहून सोपं कोण सांगणार? आपल्याकडे कबला प्रवेशानंतर प्रथम ते चतुर्थ चरण, बुलबुलला कोमल, रजत, सुवर्ण आणि हीरक पंख, शेवटी गोल्डन ॲरो. माझी गाडी रजत पंखावर थांबली. आम्ही ठाण्याहून डोंबिवलीला आलो आणि नव्या कॉन्व्हेंटमध्ये बुलबुलच नव्हतं.

पण या माणसाची एक बाजू मला खटकते. हिंदुस्थानात १९०९ मध्ये स्काउट आलं ते फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. इथल्या मुलांना दार बंद! मग ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी स्वतःची पथकं काढली. १९२१ मध्ये साहेब येऊन गेले, बेझंटबाईंची संघटना त्यांच्यात सामील झाली. मालवीयांची सेवा समिती मात्र बाहेरच राहिली, कारण राजाच्या निष्ठेची शपथ. १९३७ च्या दिल्लीच्या जांबोरीनंतर तर साहेबांनी भारतीयांच्या स्वभावाबद्दल असं काही लिहिलं की अनेकजण चिडून बाहेर पडले. पिल्लांचे डोळे उघडणाऱ्याचा स्वतःचा एक डोळा मिटलेलाच होता म्हणायचा. तरी खेळ आपल्या लोकांनी टाकला नाही. ७ नोव्हेंबर १९५० ला स्काउट संघटनांची मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली.

साहेब ८ जानेवारी १९४१ ला केनियात न्येरीला वारले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ आणि मधोमध टिंब आहे. मागोवा काढण्याच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ होतो, घरी गेलो.