साखर, गुलाम आणि बायबल : खासदार विल्यम विल्बरफोर्स यांची गोष्ट

धर्माची शिकवण सरकारच्या कायद्यात उतरावी की नको, हा वाद काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका खासदाराने ख्रिस्ती धर्म डोक्यात ठेवूनच सगळं राजकारण केलं. विल्यम विल्बरफोर्स त्यांचं नाव. गुलामांचा व्यापार बंद करणारा माणूस म्हणून जग त्यांना ओळखतं. पण त्यांनी त्याच धर्माच्या नावाने आणखीही बरंच काही केलं, ते फारसं कोणी सांगत नाही.

जन्म २४ ऑगस्ट १७५९ चा, हल या बंदराच्या गावी. घर व्यापाऱ्याचं, पैसा भरपूर. वडील लहानपणीच वारले. केंब्रिजला शिकायला गेले, पण अभ्यासापेक्षा पत्ते, गाणी आणि मित्र यांच्यातच जास्त रमले. तिथे विल्यम पिट भेटले, जे पुढे ऐन तरुणपणी पंतप्रधान झाले. १७८० मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी विल्बरफोर्स हलमधून निवडून आले. या निवडणुकीवर आठ हजार पौंडांच्या वर खर्च झाला. मतदाराला खूश करायची पद्धत तिकडेही जुनीच म्हणायची.

१७८५ च्या सुमारास माणूस बदलला. प्रवासात एका विद्वान मित्राबरोबर धर्मग्रंथ वाचले आणि मन पालटलं. राजकारण सोडून धर्मकार्याला लागावं असं वाटू लागलं, तेव्हा ते पाद्री जॉन न्यूटन यांच्याकडे गेले. हे न्यूटन एकेकाळी गुलाम वाहणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. त्यांनी सल्ला दिला की संसद सोडू नका, तिथे राहूनच देवाचं काम करा.

त्या काळी युरोपात साखर यायची ती वेस्ट इंडिज बेटांवरून. ऊस लावायला, तोडायला आणि गाळायला आफ्रिकेतून माणसं साखळदंडात आणली जात. पेरा नावालाच, खरं पीक माणसांचंच होतं. १७८७ मध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी हा व्यापार थांबवायला समिती काढली. थॉमस क्लार्कसन घोड्यावरून बंदरं पालथी घालून खलाशांकडून माहिती गोळा करत. ओलाउदा इक्वियानो या स्वतः गुलामगिरी भोगलेल्या माणसाने १७८९ मध्ये आपली कहाणी छापली. हजारो घरांनी गुलामांच्या हातची साखर खाणं सोडलं. संसदेत तोंड उघडायचं काम विल्बरफोर्स यांच्याकडे आलं.

१७९१ मध्ये विधेयक ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडलं. पुढच्या वर्षी बंदी हळूहळू आणू, असं ठरवून संसदेने विषय थंड केला. १७९६ मध्ये तर फक्त चार मतं कमी पडली, आणि त्यांच्या बाजूचे काही खासदार त्या रात्री नाटकाला गेले होते!

बायबल काय एकट्या विल्बरफोर्सकडे नव्हतं. मळेवाल्यांची बाजू घेणारेही त्याच ग्रंथातले दाखले देत. चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा बार्बाडोसमध्ये उसाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. म्हणजे धर्म एकच, ग्रंथ एकच, आणि मतं मात्र दोन. कोंडी शेवटी सुटली ती वेगळ्याच वाटेने. १८०६ मध्ये जेम्स स्टीफन या वकिलाने युक्ती काढली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, तेव्हा शत्रूच्या वसाहतींना गुलाम पुरवणं बंद करू, असा कायदा त्यांनी सुचवला. यात धर्माचा शब्द नव्हता, देशाचं हित होतं. तो सहज मंजूर झाला आणि व्यापाराचा कणा मोडला. २३ फेब्रुवारी १८०७ ला मुख्य विधेयक २८३ विरुद्ध १६ मतांनी पास झालं. वीस वर्षं चिवटपणे उभं राहायचं बळ विल्बरफोर्सना श्रद्धेने दिलं, यात शंका नाही. पण बाकीच्या खासदारांची मतं वळवली ती पुराव्याने आणि हिशोबाने.

आता दुसरी बाजू. लोकांची चालचलणूक सुधारावी म्हणून विल्बरफोर्स यांनी पुढाकार घेऊन संस्था काढली होती. धर्मनिंदा, अश्लील पुस्तकं, रविवार न पाळणं, यावर खटले भरायचे, हे तिचं काम. १७९७ मध्ये थॉमस पेन यांचं धर्मावर टीका करणारं पुस्तक विकल्याबद्दल थॉमस विल्यम्स या गरीब पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला. संस्थेचे स्वतःचे वकील अर्स्किन यांनी त्याच्या घरची दशा पाहिली. मुलं देवीने आजारी होती. त्यांनी दयेची विनंती केली, संस्थेने ऐकलं नाही, आणि अर्स्किन यांनी वकीलपत्रच सोडलं. विल्यम्स तुरुंगात गेला. तेच पुस्तक श्रीमंतांच्या कपाटात असलं तर कोण विचारत होतं?

१७९९ मध्ये मजुरांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागू नये, असा कायदा करण्यातही विल्बरफोर्स पुढे होते. १८१५ च्या धान्य कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. बाहेरचा गहू अडवायचा हा कायदा. आयातबंदी ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्याला बरं वाटेल, पण तिथे फायदा कसणाऱ्यापेक्षा बड्या जमीनदारांचा झाला आणि गरिबाची भाकरी महागली. दूरच्या गुलामाचं दुःख दिसलं, दारातल्या मजुराचं दिसलं नाही, अशी टीका तेव्हाच झाली. ती अगदीच खोटी नव्हती.

हिंदुस्थानशीही त्यांचा संबंध आहे. कंपनी सरकार मिशनऱ्यांना येऊ देत नसे. १८१३ च्या सनदेत विल्बरफोर्स यांनी तो दरवाजा उघडायला लावला. तेव्हा हिंदू समाजाबद्दल ते फार कडवट बोलले, इथली माणसं कधी न बघता. त्याच सनदेत शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूदही आली. अमेरिकन मिशनचे हॉल आणि नॉट त्याच वर्षी मुंबईत उतरले होते. त्यांना आधी परत जायचा हुकूम होता, नंतर राहू दिलं. याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला या मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतलं, असं चरित्रकार नोंदवतात. मन दुखावणाऱ्या बोलण्यातून उघडलेल्या वाटेवर असंही काही घडलं.

१८२५ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी संसद सोडली. थोरल्या मुलाच्या धंद्यात पैसा बुडाला, घर सोडावं लागलं, म्हातारपण मुलांकडे गेलं. गुलामगिरीच संपवणारं विधेयक कॉमन्स सभागृहात मार्गी लागल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि तीनच दिवसांनी, २९ जुलै १८३३ ला ते वारले.

१ ऑगस्ट १८३४ ला कायदा लागू झाला. मळेमालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. गुलामांना दमडी नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबणं. कंपनीचा हिंदुस्थानी मुलूख कायद्यातून वगळला होता, इथे तो विषय १८४३ मध्ये आला. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली, तशी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज तिथेच स्थायिक झाले. मॉरिशसमध्ये आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.