एका पैची चूक

आम्ही मनावरच्या बायका जपाला बसतो आणि लक्ष गॅसवरच्या दुधात! चष्मा कपाळावर, शोध घरभर. म्हणून आज नाथांची आठवण.

पैठणचे एकनाथ लहानपणीच देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. गुरूंनी हिशेबाचं काम दिलं. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्यापाशी बसून चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळीच वाजवली, असं सांगतात. स्वामींनी हेच ध्यान देवाकडे वळवायला सांगितलं. पुढे १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला.

पण लिहिताना नाथांचंही मन क्षणभर निसटलं असेलच ना? नाहीतर पै हरवली कशी?

आमच्या महाप्रसादाच्या वर्गणीत बारा रुपयांचा मेळ लागत नाहीये. आज रात्री परत वही उघडतोय.