बागेतल्या मुंग्या मारायला गेला आणि कळलं की या तर शेतकरी आहेत!

१८६८ साली थॉमस बेल्ट नावाचा इंग्रज इंजिनियर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वामध्ये आला. काम होतं सोन्याच्या खाणी सांभाळायचं.

१८३२ साली न्यूकॅसलमध्ये जन्मलेला हा माणूस विशीतच सोन्यासाठी ऑस्ट्रेलियाला जाऊन आला होता. खाणी पोटापाण्यासाठी, पण खरा नाद किडेमुंग्यांचा.

निकाराग्वात त्याने हौसेने बाग लावली. एके सकाळी बघतो तर काय, पानं कापणाऱ्या मुंग्यांची फौज केळी, संत्री आणि आंब्याच्या कोवळ्या झाडांवर तुटून पडलेली!

बेल्टने वारुळात कार्बोलिक अ‍ॅसिड मिसळलेलं पाणी ओतलं. मुंग्यांच्या वाटेवर पाऱ्याचं विष टाकलं, तेव्हा त्या बिथरून एकमेकींनाच चावू लागल्या. पण त्याला एक प्रश्न छळत राहिला. इतकी पानं नेऊन या करतात काय?

हेन्री बेट्ससारख्या मोठ्या निसर्ग अभ्यासकाला वाटायचं, पानं वारुळाच्या छपरासाठी असतात. बेल्टने सरळ वारूळ खणलं. आतल्या कप्प्यांमध्ये चावून बारीक केलेल्या पानांचा स्पंजासारखा थर होता आणि त्यावर पांढरी बुरशी वाढत होती. पानं म्हणजे खत आणि बुरशी हे पीक, असा निष्कर्ष त्याने काढला.

तिथेच त्याला बाभळीच्या जातकुळीतलं एक झाड दिसलं. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे. पोकळ काट्यांमध्ये वेगळ्याच मुंग्या राहायच्या. झाड त्यांना गोड रस द्यायचं, शिवाय पानांच्या टोकांवर खाऊचे पिवळे दाणेही. कुणी पाला खायला आलं की मुंग्या चावून पिटाळायच्या. म्हणजे झाडाने चक्क राखणदार ठेवले होते!

१८७४ साली त्याचं निकाराग्वावरचं पुस्तक आलं. चार्ल्स डार्विनलाही ते फार आवडलं. पण १८७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे बेल्ट वारला. वय अवघं ४५.

पुढे १८९३ साली आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझीलमधल्या अभ्यासातून मुंग्यांच्या शेतीवर शिक्कामोर्तब केलं. १९६० च्या दशकात डॅनियल जॅन्झेन यांनी मेक्सिकोत त्या काटेरी झाडांवरच्या मुंग्या काढून पाहिल्या. किड्यांनी पाला फस्त केला, वेलींनी झाडं झाकून टाकली.

ज्या मुंग्या बेल्टच्या बागेच्या मुळावर उठल्या, त्याच जंगलातला पाला जमिनीखाली नेतात, माती वरखाली करतात आणि तिचा कस वाढवतात. झाडावरच्या त्या पिवळ्या दाण्यांना आज बेल्टचंच नाव आहे : बेल्टियन बॉडी.